सुनंदाच्या कुंडीतलं चिडाचं झाड

रविवार, संध्याकाळ

नवा रायपूरहून, धाकट्या जाऊबाईच्या, सुनंदाच्या घरून आत्ताच आली. तिचं चिडाचं झाड कमरेएवढं झालं. पहाडातला पाइन, अन् रायपूरच्या उन्हात हिरवागार! एका झुबक्यात तीन-तीन सुया. मोजल्या मी.

तीन वर्षांपूर्वी पहाडातल्या नर्सरीतून दोघींनी एकेक रोप आणलं होतं. माझं पंधरा दिवसांत वाळलं. काहून? परक्या मातीतून दीमक, म्हणजे वाळवी, येईल म्हणून मी तर मुळं नळाखाली स्वच्छ धुतली, शेणखत घातलं, तुळशीसोबत रोज पाणी दिलं. आळशी सुनंदानं पिशवीतल्या मातीसकट तसंच कुंडीत ठेवून दिलं.

आज सगळ्यांसमोर सांगून राहिली, "दीदी, त्या जुन्या मातीतल्या बुरशीवरच हे झाड जगते. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं नं?"

सांगितलं असेल. मी तेव्हा फोटो काढून राहिली होती.

ती चहा ठेवायला गेली, तशी मी कुंडीतली मूठभर माती रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. एक झुबकाही तोडला. चोरीच ती, दुसरं काय?

निघताना तिनंच एक पुडी पुढं केली. "तुमच्यासाठी माती काढून ठेवली, दीदी. पुढचं रोप जगेल."

"मले नको तुझी माती," मी म्हटलं.

आता रुमाल समोर उघडा आहे. तीन सुया, राळेचा वास, मूठभर माती. रोप तेवढं नाही. त्यासाठी पहाडातल्या त्या नर्सरीत जायचं, अन् तिथली वाट तिलेच ठाऊक; म्हणजे पुन्हा सुनंदालेच सोबत चल म्हणावं लागेल.