मरळीची पिलं

आये, तुला एक सांगायचं हाय. मी बारक्या ट्रेलीत बसून तळ्याकाठी ऱ्हायला गेलते. चांगलं घर सोडून, मुद्दाम, मासं धराया. तू असतीस तर म्हनली असतीस, काय खुळ लागलंय का ह्या लोकास्नी. माज्या सासू, मी त्यांना आत्याबाई म्हनते, त्याबी त्येच म्हनल्या. माजं मालक मिलिटरीत डायवर हायती. तू गेल्यावर लय वर्सांनी माजं लगीन झालं, तुला कुठनं ठावं असनार. उन्हाळ्यात सुट्टीवर आलं आन म्हनाय लागलं, "तिकडं साहेबलोक बायका-पोरं घिऊन तळ्यावर ऱ्हात्यात. आपुन का न्हाई?" थोरल्या दिरांचा ट्रॅक्टर मागून घेतला, मागं बारकी ट्रेली जोडली, कळकाच्या कामट्या वाकवून वर ताडपत्री टाकली, खाली पिंजार, त्याच्यावर वाकळ. आत्याबाई म्हनल्या, "घरावर चांगला पत्रा हाय आन ह्यो मला शेणखत भरायच्या ट्रेलीत झोपवतोय." पर समद्यांच्या आधी चढून त्याच बसल्या, पानाची चंची घिऊन.

पाटणच्या वर कोयनंचं पानी साठवलंय. ट्रॅक्टर एका वळनावर आला आन मी ट्रेलीत उबीच ऱ्हायले. आये, आपल्या दुष्काळी माणात पानी बघाया आडात वाकावं लागतं. तितं पानीच आपल्याकडं बघत हुतं. ह्या डोंगरापासनं त्या डोंगरापातुर, आभाळासकट. मला तू आठवलीस, चुलीफुडं बसलेली. माज्या हातनं तांब्या कलंडला तवा पिठाच्या हातानंच पाठीत धपाटा दिलावतास. "पानी काय रानात उगवतंय व्हय गं?" आन मंग सांडलेल्या जागची वली माती उचलून चुलीला लावलीस, वाया जाऊ दिली न्हाईस. एवढं पानी बघून तू काय केलं असतंस, ह्योच इचार मी करत बसले. आत्याबाईंनी पान्याची वटी भरली. खण सोडला, नारळ सोडला, आन मला म्हनल्या, "पाया पड. लेकुरवाळी हाय ती."

मी पाया पडले. मला दोन भ्या हुती. एक पान्याचं. लेक तीन वर्साची, एका जागी ठरत न्हाई. मी जुनं लुगडं फाडून एक टोक तिच्या कमरंला बांधलं, दुसरं ट्रेलीच्या चाकाला. आत्याबाई म्हनल्या, "शेरडू हाय का ती? मंग चाराबी टाक की फुडं!" मालक हसलं. मी न्हाई हसले. दुसरं भ्या पोटात हुतं. मला दिवस गेलं हुतं आन मी कुनाला सांगितलं न्हवतं, ह्यांनाबी न्हाई. सांगितलं की खरं हुईल, आसं वाटायचं. तू दुसऱ्याच बाळंतपनात गेलीस, आये. मला शेजारच्या घरी ठिवलंवतं. परत आनलं तवा तुज्यासाठी तापवलेलं पानी हंड्यात तसंच हुतं. आपल्या गावात पानी कुनी वाया घालवत न्हाई, पर त्या हंड्याला कुनी हात लावंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्ये मला बोलवाया आलं. "चल, काय तरी दावतो. पाय वाजवू नगं." वढा तळ्याला मिळतो तितं, गवताच्या कडंला, पान्यावर एक लाल डाग हुता, घमेल्याएवढा. कुकवाचा करंडा सांडल्यागत. आन त्यो जित्ता हुता. आधण आल्यागत खालवर हुत हुता. ह्ये कानाशी म्हनलं, "मरळ माशाची पिलं हायती. वर येत्यात, वारं घेत्यात, खाली जात्यात. त्यांची आय त्यांच्या खाली हाय." ह्यांच्या गळाला बेडकुळी लावलेली हुती. "आता ही पिलांत टाकायची. भूक नसली तरी ती येती. पिलांत काय पडलं की गळ हाय का काय हाय, बघत न्हाई. रागानं झडप घालती."

"मंग पिलं?"

"पिलं काय, दुसरं मासं त्यास्नी खात्यात."

त्यांनी काठी मागं घेतली.

"आवं, टाकू नगा," मी म्हनले. "मला दिवस गेल्यात."

काठी तशीच वर ऱ्हायली. बेडकुळी पाय झाडत लोंबत हुती. "आन ह्ये तू हितं सांगतीस?" ह्ये म्हनलं.

मंग माज्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. "मी मेले तर ह्या लेकीचं कोन?" म्हनून मोठ्यानं वरडले. मागं आत्याबाई तवली घासत हुत्या. त्या म्हनल्या, "मरायची लय घाई झालीया व्हय? आधी चार भांडी घास." मंग राखंचं हात तसंच घिऊन जवळ आल्या. "चिचा खातीस आन चिचुकं उशाखाली लपवतीस. मला काय कळत न्हाई? तुज्या आयला कुनी दवाखान्यात न्हेलं न्हाई. तुला मी न्हेनार हाय. ट्रॅक्टर न्हाई गावला तर पाटकुळी घिऊन न्हेनार."

तवाच ती मरळ वर आली. आये, मी आसं कवा बघितलं न्हवतं. हाताएवढी लांब, काळी, डोकं सापागत. लाल पिलांच्या मधनं वर आली, तोंड उघडून वारं घेतलं आन आमच्याकडं बघत ऱ्हायली. ह्यांच्या हातात गळ, तरी ती हलंना. आत्याबाईंनी राखंचं हात जोडलं. मी गुडघ्याएवढ्या पान्यात कवा उतरले, मलाच कळलं न्हाई. मंग ती खाली गेली. दिसंना. पर पिलं जिकडं जातील तिकडं खालचं पानी हलत हुतं.

ह्यांनी बेडकुळी सोडून दिली. दिवसभर लांब जाऊन गळाला कणकंची गोळी लावून बसलं तवा चार बोटाएवढं मासं गावलं. आत्याबाई म्हनल्या, "मिलिटरीत तुला बंदूक न देता गाडीच दिली त्ये बरं केलं." तीन धोंडं मांडून कालवन केलं. लेकीची कमर मी सोडली, पर हात न्हाई सोडला.

आता ह्ये परत डूटीवर गेल्यात. मला आठवा लागलाय. आत्याबाईंनी दवाखान्याचं गठुडं बांधून दाराशी ठिवलंय, येता-जाता त्याला हात लावून बघत्यात. भ्या गेलं न्हाई माजं. तिसरीपातुरच्या शाळंवर एवढं लिवलं, आता ह्यो कागद कुठं धाडू, वाकळंच्या शिवनीत सारून ठिवते. एक ऱ्हायलं, तू राग धरू नगं. परवा चुलीपाशी कळ आल्यागत झालं तवा मी आत्याबाईंना "आये" म्हनून हाक मारली. त्यांनी "काय गं बाय?" म्हनलं. मी त्यांना, चुकून म्हनले, आसं सांगितलं न्हाई.