साईतली हळद

सोमवार, संध्याकाळ

आधी काटोलची नणंद आली. यांच्याकडे पाहून म्हणते, "दादा, वहिनीनं लग्नातली हळद पुन्हा लावली काय गा?" आम्ही किती हसलो. अंग खाजते म्हणून महिनाभर मीच साईत हळद कालवून यांच्या अंगाले चोळून राहिली होती.

मागून नात आली, डॉक्टरकी शिकते ती. ती हसली नाही. आजोबाले खिडकीपाशी उजेडात बसवलं, नखं पाहिली, मग पापणी ओढून पाहतच राहिली. पोर किती मन लावून पाहते, मले कौतुकच वाटलं.

मी म्हटलं, "हळदीचा रंग आहे वं तो."

हळूच म्हणाली, "आजी, डोळ्यांत तर नाही ना लावली हळद?"

कावीळ आहे म्हणे, अन् साधी वाटत नाही. पट्टा दोन भोकं आत गेला, तेही तिनंच पाहिलं. पन्नास वर्षं रोज यांचं तोंड पाहते मी. काहून नाही दिसलं मले? उलट रोज हळद चोळून मीच ते पिवळेपण झाकत राहिली. आता कोणत्या देवाले काय मागू?

दोघी यांले मोठ्या दवाखान्यात न्यायले परत येणार. यांले दवाखान्याचं नाही सांगितलं, दोघी परवा पुन्हा येतात एवढंच सांगितलं. यांनी विचारलं, "एवढ्या लवकर काहून?" मी म्हटलं, सहज. बुधवारी सकाळी येतो म्हणाल्या.