'तपासले' या शब्दापुढे माझे नाव

धाकटे,

तुझ्या क्लासच्या इतिहास प्रश्नसंचाचे कच्चे मुद्रित मेजावर सापडले. तळाशी 'तपासले' या शब्दापुढे माझे नाव आहे. मी तो संच आज प्रथमच पाहिला. किळस आली.

अमेरिकेतील गुलामगिरी कोणत्या घटनादुरुस्तीने संपली, हा प्रश्न दोनदा आला आहे. एकदा उत्तर तेरावी, एकदा चौदावी; बरोबर तेरावी. पहिले महायुद्ध तू १९१९ साली संपवलेस. ते तहाचे वर्ष, तोफा आदल्याच वर्षी थंडावल्या होत्या. फोनवर विचारले तेव्हा म्हणालीस, "बाबा, मुलं नुसती पाठ करतात, वाचतंय कोण? आणि तुमचं नाव असलं की पालक गप्प बसतात." दुसऱ्या वाक्यावर मी फोन ठेवला. परवा चाळीस मुले परीक्षेत हेच लिहून येतील.

मी छपाई थांबवायला छापखान्यात जात आहे. दुरुस्त्या लाल शाईने केल्या आहेत. त्या एकेक करून पुस्तकाशी ताडून पाहा, माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. जेवण झाकून ठेवले आहे.

कारण सांगतो. इंजिनिअरच्या नोकरीत एकाच ड्रॉइंगवर मी न तपासता सही केली. बाजारातल्या पुलाच्या जिन्याचे ते ड्रॉइंग. त्याची शेवटची पायरी इतरांपेक्षा दोन बोटे उंच आहे. तू सहा वर्षांची असताना तिथेच पडलीस, तुझा दात तुटला. तेव्हा चूक कोणाची हे मला ठाऊक होते, तरी सगळ्यांसमोर तुलाच ओरडलो, "बघून चालता येत नाही का?"

बाबा