काखेचे रसायन आणि कारध्याचा थांबा

१३ मार्च २०२३, सोमवार

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते.

एक : भंडाऱ्याहून साकोलीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये उजवीकडची तिसरी खिडकी माझी. शेजारच्या जागेवर माझी पिशवी.

दोन : कारध्याला भूगोलाचे रामटेकेसर चढतात. पिशवी मांडीवर येते, सर बसतात. माझ्याच महाविद्यालयात आहेत, विधुर आहेत (मी अविवाहित, केवळ नोंदीपुरते), बोलणे मोजके, मराठी वर्गापुरती शुद्ध. गेली चार वर्षे हा क्रम निर्वेध चालू आहे.

तीन : आज सर चढले, दारात क्षणभर थांबले, "नमस्कार मॅडम" म्हणाले आणि पुढे कंडक्टरबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

चार : पिशवी तोवर मी उचललेली होती.

पाच : उकाडा असह्य आहे आणि मला घाम येतो.

निष्कर्ष काढण्यासाठी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट लागत नाही. ती माझ्याकडे आहे, हा भाग निराळा.

१५ मार्च

सर आजही पुढेच. स्टाफरूममध्ये मी केवळ सैद्धांतिक स्वरूपात विचारले की बाजारचे डिओडरंट ज्यांच्या त्वचेला सोसत नाही, त्यांनी काय करावे? मराठीच्या चंद्रकांताबाईंनी लगेच मोबाइल पुढे केला. "हे पाहा ना मॅडम! लिंबू पिळायचं, वरून खायचा सोडा लावायचा. एकदम नॅचरल!"

आम्ल आणि अल्कली एकाच काखेत! दोघे एकमेकांना संपवतात, उरतो फेस. अठरा लाख लोकांनी हा व्हिडिओ पाहिला आहे. यातले काही आमचेच पदवीधर असणार.

१९ मार्च, रविवार

खोबरेल, नागझिऱ्याकडच्या मधाचे मेण, आरारूट, चिमूटभर सोडा. वजन प्रयोगशाळेच्या काट्यावर. पांढरी, गुळगुळीत, देखणी वडी तयार झाली. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवली आहे.

आई म्हणाली, "बर्फी केली का वो?"

२० मार्च

लाखनी येईपर्यंत वडीचे तेल झाले होते, आणि साकोली येईपर्यंत ते तेल ब्लाउजमधून पदरात उतरले होते. खोबरेल चोवीस अंशांवर वितळते, हे मी दरवर्षी शिकवते. भंडारा जिल्ह्यात मार्चमध्ये चोवीस अंश फक्त फ्रिजमध्ये असतात, हे मात्र अभ्यासक्रमात नाही.

शुक्रवारपासून बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. बस ओसंडून वाहते. सर उभ्याने आले! तेही पुढे एका आजीच्या कोंबडीला खेटून. म्हणजे क्रम असा लागतो : कोंबडी बरी, मी नाही.

२३ मार्च

मेण वाढवले. काखेत मेणबत्ती धरल्यासारखे वाटते. हात वर केला की केस ओढले जातात. फळ्यावर आज फक्त खालच्या अर्ध्या भागात लिहिले.

२६ मार्च, रविवार

मूळ तत्त्वाकडे परतले. घामाला स्वतःचा वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू त्याचा वास करतात. त्वचा आम्लधर्मी ठेवली की जीवाणू गप्प! म्हणजे व्हिनेगर. बाजारातले पातळ केलेले कृत्रिम आम्ल मी अंगाला लावणार नाही. घरी करीन, आणि ज्याची साखर भरपूर व फुकट, त्याचेच करीन. आईने गेल्या चैतात वाळवून ठेवलेली मोहफुले डब्यात होतीच. भिजवली, बरणीत भरली, तोंडाला फडके बांधले. तापमानावर लक्ष ठेवता यावे म्हणून बरणी माझ्या पलंगाशेजारी.

३ एप्रिल

आई : "काहून वो बाई, घरात दारू गाळून राहिली का?"

मी : "आई, हे किण्वन आहे. शेवटी आम्ल होणार."

आई : "होईन तवा होईन. आता तं शेजारचा गोमाजी भिंतीपाशी खुर्ची टाकून बसून राहते."

१६ एप्रिल, रविवार

परवा जयंतीच्या गडबडीत चाचणी राहिली होती, ती आज केली. लिटमस लालभडक! गाळले, वाळ्याच्या पाण्यात मिसळले, फवाऱ्याच्या बाटलीत भरले. लावून तासभर थांबले. मला कसलाही वास आला नाही. म्हणजे वास नाही.

१७ एप्रिल

यश काही बाबतींत अनपेक्षित आहे. बस खच्चून भरलेली, तरी माझ्या शेजारची जागा रिकामी. पलीकडच्या बाईने नाकाला पदर लावला. मागच्या बाकावरच्या दोन पुरुषांनी माझ्याकडे इतक्या आपुलकीने पाहिले की मी चष्मा पुसला. कंडक्टर बेबीबाई तिकीट फाडताना हळूच म्हणाल्या, "मॅडम, बरं आहे ना सारं? खिडकी उघडा, हवा लागू द्या."

१९ एप्रिल

प्राचार्यांनी बोलावले. पंखा वाढवला. "मॅडम, घरी काही ताण वगैरे? पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपदाचं ठरणार आहे, म्हणून विचारतो. काही तक्रारी कानावर आल्या." तक्रार कसली ते सांगितले नाही. सभ्यतेची हद्द!

चंद्रकांताबाईंनी दार लावून सांगितले. "मोहाचा वास येते म्हणतेत, मॅडम. सकाळीच घेऊन येते म्हणतेत."

मी! दर पौर्णिमेला विहारात मद्य वर्ज्य करणारे पाचवे शील मोठ्याने म्हणणारी मी! वीस वर्षांची नोकरी, एक डाग नाही, आणि आता विभागप्रमुखपद एका बरणीत बुडणार. मद्याचे पुरते आम्ल करण्यात जीवाणूंनी कामचुकारपणा केला, आणि त्या बरणीच्या उशाशी झोपून माझे नाक निर्ढावले. हे परत जाऊन प्राचार्यांना समजावले. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे घरी तयार करता तुम्ही?"

स्टाफरूममध्ये परतल्यावर चंद्रकांताबाईंनी उरलेले सांगितले. "इथं हे बोलणं निघालं तवा एकटे रामटेकेसर उठले बाप्पा. म्हणाले, मी रोज त्याच बसने येतो. मॅडमच्या अंगाले कोणताच वास नाही. ज्याले येत असन त्यानं माझ्यासमोर बोलावं."

बरणी मोरीत रिकामी केली. साध्या साबणाने दोनदा आंघोळ.

२० एप्रिल

परतीच्या बसमध्ये मीच पुढे गेले आणि सरांच्या शेजारी बसले. आभार मानले, आणि शास्त्रीय जिज्ञासेपोटी विचारले की सर्वांना आलेला वास त्यांना कसा आला नाही.

"खरं सांगू मॅडम? कोरोना झाल्यापासून मले वासच येत नाही. भाजी करपली तरी धूर दिसल्यावर समजते."

"मग तुम्ही साक्ष कशाच्या आधारावर दिलीत?"

"तुम्ही पीत नाही हे समजायले नाक कायले पायजे?"

मी खिडकीबाहेर पाहिले. धानाच्या रिकाम्या बांध्या. मग जागा बदलण्याचे कारण विचारले. आवाज जरा चढला असावा.

सर तिकिटाची गुंडाळी करत राहिले. "त्या दिवशी मी दारात चढलो, तं बेबीबाई म्हणाली, जा सर, वहिनीनं जागा धरून ठेवली. लोक हसले. तुमच्या कानावर गेलं असतं तं तुम्हाले काय वाटलं असतं? म्हणून म्हटलं, आपणच सरकावं."

माझ्याजवळ उत्तर होते. पण त्याची वाक्यरचना निर्दोष होण्याआधीच कारधा आले आणि सर उतरले.

२१ एप्रिल

आज सकाळी सरांच्या हाती चिठ्ठी दिली. मजकूर असा : "बेबीबाईंच्या विधानात चूक एवढीच की ते वेळेआधी केले गेले. ते खरे करण्यास आपली तयारी आहे काय? तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. सोमवारपर्यंत लेखी कळवावे."