देव पाण्यात, परात देवघरात

४ मे, सोमवार
परभणीहून यांना दाखवून सेलूला आलो तर परात गायब. शोधून दमले. शेवटी देवघरात सापडली. काठोकाठ पाणी आणि त्यात घरचे सगळे देव बुडवलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळेच.
सासूबाई म्हणाल्या, "पोरगं बोलल्याबिगर काढायचे न्हाईत म्या."
लकव्यानं गेलेला यांचा उजवा हात आता थोडा वळायला लागलाय, वाचा मात्र नाही. डॉक्टर आज पण तेच म्हणाले, येईल, पण हमी देता येत नाही. कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा माणूस.
कणीक पातेल्यात मळली. निम्मी ओट्यावर.

६ मे, बुध.
नळ नाही. टँकरमागे पळापळ, त्यात सुट्टीतही आम्हा शिक्षकांना शाळेत बोलावलंय, तिथं जायला उशीर. आणि देवांना रोज ताजं पाणी हवं!
म्हटलं, "आई, बुडवून ठेवून मागायचं म्हणजे देवाला दमदाटीच की."
"दमदाटी न्हाई बाई, हट्ट हाय. आईपशी लेकरू करतं तसा."
जुनं पाणी तुळशीला घालतात, तेवढं तरी बरं.
संध्या. यांचा बोलायचा सराव. आंबा दाखवला. "आ..." एवढंच, मग मूठ आपटली. मीही ओरडले. आंबा कुणीच खाल्ला नाही.

९ मे, शनि.
भेटायला येणाऱ्यांना आवरा कुणीतरी. शेजारच्या काकू अंगारा देऊन गेल्या. यांचा मित्र दर्ग्यातून धागा घेऊन आला. नणंद म्हणते शनिवार धरा, तिची जाऊ म्हणते गुरुवार. यांच्या मनगटावर आता तीन गंडे. हात धुवायची पंचाईत. त्यातला एक मी सोडायला लागले तर यांनी हात मागे ओढून घेतला.
देवा, कुणाचं ऐकायचं ते तरी एकदा सांगून टाक.

१३ मे, बुध.
सासूबाईंना ऊन लागलं, ताप. पाणी बदलायचं काम माझ्यावर. अंघोळीआधी शिवायचं नाही, म्हणून पहाटेच अंघोळ. वैताग नुसता.
एकेक देव उचलला. हाताला गार लागत होते. अन्नपूर्णेला म्हटलं, बाई, माझा फारसा विश्वास नाही तुझ्यावर, खोटं कशाला बोलू, पण यांनी मला नावानं एकदा हाक...
पळत ओट्याशी गेले. दूध उतू गेलं होतं.

१७ मे, रवि.
डोकं फिरलंय.
सासूबाई उठल्या, अंघोळ केली आणि देव बाहेर काढले. जुन्या लुगड्यानं पुसून जागेवर ठेवले. हे काही बोललेले नाहीत! मी किंचाळलेच, "का काढले? बोलले का ते?"
"न्हाई बोलला."
"मग?"
"किती दिस हट्ट करावा? देवाला समदं कळतंय. आता त्येच्या मनाला यील तसं. आपुन पूजा सोडायची न्हाई, बस."
परात माझ्या पुढ्यात ठेवली. "घे, कणीक मळ."
इतके दिवस परातीसाठी मीच भांडत होते. आता परत मिळाली तर रडू येतंय. राग कुणाचा येतोय तेही कळेना. यांचा सोडून सगळ्यांचा.

१८ मे, सोम.
पोळ्या चांगल्या झाल्या.
आरतीला सासूबाईंनी यांच्या उजव्या हातात घंटी दिली. दोनदा पडली. मला वाटलं आता भिरकावतील. नाही. डाव्या हातानं उचलून पुन्हा उजव्यात धरली. वाजली, वाकडीतिकडी. ओठ हलले का? मला तसं वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही.
सासूबाईंना विचारलं, "आता मागायचं काय मग?"
"मागू नगं काही. बस नुसती."
"आणि बोललेच नाहीत तर?"
"तरी बस."
काय बाई आहे ही! हे माझ्याकडे बघत होते. घंटीवाला हात खाली झुकत होता, त्याला मी खालून हात लावला.
बसले. चिडूनच बसले, पण बसले.