जीव वाचवणाऱ्या बायका

सोमवार, ता. ३
देव पावला. ह्यांना बायकांच्या दवाखान्यात पहारेकऱ्याची नोकरी लागली, शिवाय मागच्या अंगणात राहायला दोन खोल्या. भाडं नाही, वीज दवाखान्याची. दिवसभर फरशी घासली. हे म्हणाले, अजून घासलीस तर खालची माती दिसेल. डॉक्टरीणबाई चहाला आल्या. कपाच्या तळाची साखर चमच्यानं खाल्ली. मला बाई आवडली.

शुक्रवार, ता. ७
फाटकासमोर काही बायका प्रार्थनेला बसतात. इथे गर्भ पाडतात म्हणून. ह्यांनी मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ताट बाजूला सारलं. गर्भ राहिला त्या क्षणी जीव येतो, अशी माझी श्रद्धा. देवानं दिलेलं काढून घेणारे आपण कोण? डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जीव केव्हा येतो ते मी छातीठोक सांगणार नाही. समोरच्या बाईत तो आहे, एवढं मला दिसतं. मला पटलं नाही.

मंगळवार, ता. ११
आता मीही त्या बायकांत बसते. त्यांच्या पुढारणीला सगळ्या मावशी म्हणतात. बोलणं अगदी लोण्यासारखं. हे चिडवतात, नवरा फाटकाच्या आत, बायको बाहेर, झकास संसार! उन्हात बायकांचे घसे कोरडे पडतात. ह्यांना न विचारता मावशींना अंगणाच्या दाराची किल्ली दिली. नळावर या म्हटलं. पाण्याला नाही कसं म्हणायचं?

गुरुवार, ता. १३, दुपार
अंगणाच्या दारातून मावशी आल्या, मागे पुरुष. हातात लोखंडी नळ्या. हे आडवे गेले तर ह्यांचा गुडघा फोडला. पांढरं हाड दिसलं. अहो मावशी, माझा नवरा आहे, मी ओरडले. मावशी म्हणाल्या, बाजूला हो गं, जीव वाचवायला आलोय.

बाईंनी मला चादरींच्या खोलीत ओढलं. तिथे एक पोरगी. पाचवा महिना, गर्भाचं पाणी गेलेलं, त्यानं अंगात विष भिनतंय. बाई म्हणाल्या, पोटात धडधड आहे, पण ते जगणार नाही. ही आता मोकळी झाली नाही तर हीही जाईल. मोकळं करायच्या गोळ्या आणायला गेल्या. ताप लिहीत राहा म्हणाल्या. हाताशी पिशवीतली हीच वही. दाराला कपाट लावलंय.

१०३.

बाईंची किंकाळी. ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज. पुन्हा. पुन्हा—

दाराखालून बाईंची बोटं. गोळ्यांची पट्टी आत सरकवली. जिभेखाली ठेव, म्हणाल्या. मग कोणीतरी बोटांवर बूट— बोटं गेली. रक्त राहिलं.

१०४. पोरगी विचारते, काकू, पाप लागेल का हो?

मावशी दारापाशी. गोड आवाज. उघड गं, तू आमचीच ना.

ह्यांची हाक नाही.

धडधड आहे. मला ठाऊक आहे. देवा, मला ठाऊक आहे—

दिल्या. माझ्या हातानं. पाप असेल तर माझ्या नावावर, पोरीच्या नाही.

फळी फुटली. कपाट सरकतंय. पोरगी माझ्या पाठीमागे, माझ्या डाव्या हातात खोलीतली कात्री. मावशी, आत पाऊल टाकलंत तर मी—