पहिलं वर्ष वाया जाऊ नये म्हणून

बाबा,

किल्ली शेजारच्या काकूंकडून घेतली. आत्या जाऊन दोन महिने झाले, हेही त्यांच्याच तोंडून कळलं. मी फोन केला की तुमचं एकच, "ती झोपलीय. तू घराकडे बघू नकोस, कॉलेजचं पहिलं वर्ष पुन्हा येत नाही." म्हणून मी सुट्टीतही आले नाही. नाटकात काम केलं, वर्गात पहिली आले. सगळं तिला सांगायला राखून ठेवलं होतं.

तिची कॉट तेवढी हलवलीत, चष्मा खिडकीतच राहिला. निकाल त्याच्याखाली ठेवलाय. दूध तापवून झाकलंय.

मी होस्टेलवर परत जातेय. फोन केलात तर मैत्रीण उचलेल. ती सांगेल, मी झोपलेय.